वायर आधी ओवायची

९ फेब्रुवारी

प्रिय छोटी,
अनेक आशीर्वाद.

आठवतं का, एकाच दिव्याखाली आपण गृहपाठ करायचो आणि तुझी वेणी माझ्या ओल्या शाईवर यायची? डाग पाहून शाळेत सिस्टर मला बाकावर उभं करायच्या. तेव्हा वाटायचं, याहून जास्त मला कुणी छळणार नाही. तुझ्या भाऊजींनी ते खोटं ठरवलंय.

जेवणाच्या टेबलावर टांगायचा दिवा ते घरीच बनवताहेत. विकतचा नको. हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी पाइप, ते जोडायचे वाकडे एल्बो, होल्डर असं पोतंभर सामान आलंय. दुकानदार विचारत होता, काका, नळ कुठे गळतोय? टेबल त्यांच्या ताब्यात, आमची ताटं मांडीवर. वायर आधी ओवायची, मग एल्बो पिळायचे, हे कारखान्यात जन्म घालवलेल्या माणसाला मी सांगायचं? सगळं घट्ट झालं की ह्यांना वायर आठवते. मग पुन्हा उघडा. अर्धांगाच्या झटक्यापासून उजवा हात थरथरतो, पाना निसटतो. मदतीला गेले तर म्हणतात, तू तुझं बघ. शर्टाची बटणंही स्वतःच लावतात, एक काज चुकवून. मी अगदी मेटाकुटीला आलेय.

लोभ आहेच, उत्तर लवकर धाड.
तुझी,
ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी हसले, मग काळजी वाटली. तसल्या हाताने लोखंडाशी कुस्ती कशाला? आमचे जावई विजेचीच कामं करतात. रविवारी तुमच्याकडे पाठवतेय, दिवा टांगूनच या म्हटलंय. भाऊजींना आधी सांगू नकोस, नाही म्हणतील. आणि माझ्या वेणीला नावं ठेवू नकोस, ती तूच घालायचीस.

आहे तशीच माया राहू दे.
तुझी,
छोटी

१४ मार्च

प्रिय छोटी,
आशीर्वाद, पण रागावून.

जावई आले. चहा उकळेपर्यंत दिवा वर; सरळ, घट्ट, लख्ख. त्यांना बोल नाही, गुणी मुलगा आहे. बोल तुला आणि मला. ह्यांनी छान झालं म्हटलं, आपला पाना पेटीत ठेवला, हात धुतले. दुसऱ्या सकाळी शर्ट घालून माझ्यासमोर उभे राहिले, बटणं लाव म्हणून. मग रोजच. चमचाही डाव्या हातात गेला. इतके दिवस कटकट करणारी मी, घरातली शांतता मला सोसेना.

शेवटी एका दुपारी हे झोपलेले असताना मेन स्विच बंद करून खुर्चीवर चढले. ओरडू नकोस. दिवा उतरवला, एल्बो सोडवले, टेबलावर पसारा मांडला. उठल्यावर विचारलं, हे काय? म्हटलं, लुकलुकत होता. एक एल्बो उचलून चाचपला. मग म्हणाले, पाना धरता येत नाही तर हात लावू नये, आटे घालवलेस. आणि पाना घेऊन बसले.

पुढचे आठ-दहा दिवस काय ऐकलं ते विचारू नकोस. पण दिवा लागला. वायरमनने जोडणी तपासलीय. दिवा वाकडा आहे आणि ताट वाढताना माझ्या कपाळाला लागतो. काल शर्टाचं एकच बटण माझ्या वाट्याला आलं.

रागावले तरी तुझीच,
ताई

ता. क. ह्यांनी आणखी एक पोतं आणलंय, माझं टेबल गेलं ते गेलंच. तेव्हा ऐक. पुढचा दिवा तुला. कुठे टांगू असं विचारायचं नाही, टांगायचा. त्यानंतरचा आमच्या सूनबाईला, तिचं छत उंच आहे. जावयांना दिवा नाही, फक्त जेवण. यावं, पण हात खिशात घालून. वाकडा कुणीही मागू नये, तो माझा.