अधांतरी माश्यांचा वारस

मी, या घरातलं शेंडेफळ, वय अठरा पूर्ण, कुणाची दमदाटी नसताना, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. आई वेगळं सांगेल, तिला विचारू नये. उद्या अपेंडिक्सचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात किरकोळ आहे, पण पोट माझं फाडणार, त्यांचं नाही.

१. रबरी पाल चुलतभाऊ बारक्याला. ती बघून तो भरल्या बादलीत बसला होता, म्हणून पहिला हक्क त्याचा.

२. सायकल दादाला. ब्रेक लागत नाहीत, ते उतारावर कळेलच. माझे नवे बूट न विचारता घालून गेला होता ना, फिट्टंफाट.

३. आता खरी इस्टेट. मागच्या अंगणातला, फुलावर आलेल्या कोथिंबिरीचा वाफा. वहिनी म्हणते, "भाऊजी, तुमच्या त्या गांधीलमाश्या रविवारी औषध मारून संपवते." रविवारी मी खाटेवर, अडवणार कोण? अहो, त्या गांधीलमाश्या नाहीतच. पिवळे-काळे पट्टे हे नुसतं सोंग. पुस्तकात सिरफिड माशी म्हणतात, मी अधांतरी म्हणतो, कारण हवेत एका जागी टांगल्यासारखी थांबते. गांधीलमाशीला पंख चार, हिला दोनच. कंबर बारीक नाही, मिशा एवढ्याशा, डोळे मात्र डोकंभर. नांगी नाहीच. हिच्या अळ्या गुलाबावरचा मावा फस्त करतात, आणि गुलाब कुणाचे, तर वहिनीचेच. आज सकाळी तर एक आली, तपकिरी, जाडजूड, हुबेहूब मधमाशी. पोटातली कळ विसरून मी वाकलो, पंख मोजले. दोन. आपल्या वाफ्यात अशी पहिलीच. उड्या मारायच्या होत्या, पोटाने मारू दिल्या नाहीत.

४. म्हणून वाफा, भिंग आणि सगळ्या माश्या वहिनीला. आता औषध मारायचं तर स्वतःच्याच मालमत्तेवर मारावं लागेल.

५. इथवर लिहून वहिनीला आणि शेजारच्या टायपिस्टकाकांना साक्षीदार म्हणून बोलावलं. वहिनी वाचून म्हणाली, "दोनच पंख? बघतेच." भिंग घेऊन गेली ती चहा निवला तरी येईना. आली ती मनगट पुढे करून. "इथे बसली होती. घाम चाटत होती हो. गुदगुल्या झाल्या."

मी पेन दिलं. ती काकांकडे वळली. ते कोर्टाबाहेर मृत्युपत्रं टाइप करतात. "काका, साक्षीची सही करणाऱ्याला वाटा मिळतो का?"

"नाही मिळत."

वहिनीने पेन दारात कपडे घेऊन उभ्या असलेल्या इस्त्रीवाल्याच्या हातात दिलं. "तुम्ही करा."

साक्षीदार: १. टायपिस्टकाका २. इस्त्रीवाला
सही: शेंडेफळ
ठिकाण: मागच्या दाराची पायरी
तारीख: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, ऊन उतरताना