सुईआधी सांगायची गोष्ट

वारजे, पुणे
रविवार, दुपारची जेवणं झाल्यावर

धाकटी बहीण द्वारका हिला थोरल्या हिराचा सप्रेम जय भीम. सुखदेवरावांनाही माझा जय भीम सांग आणि पत्र त्यांनी आधी उघडलं असेल तर त्यांच्या हातून काढून घे. आम्ही सगळे इथे खुशाल आहोत, तुम्हीही तिथे खुशाल असाल, असं पत्रात लिहायची रीत आहे म्हणून लिहायला सांगितलं. तू खुशाल नाहीस हे मला ठाऊक आहे. लघवीची जळजळ गोळ्यांनी हटली नाही, ताप येतो आणि मंगळवारपासून तुला भंडाऱ्याच्या दवाखान्यात इंजेक्शनं सुरू होणार, हे परवा सुखदेवरावांनी फोनवर सांगितलं. त्यासाठीच हा खटाटोप. माझा लेक राकेश ऑफिसच्या कामाला आज संध्याकाळच्या गाडीने नागपूरला निघतोय, तिथून तो आधी तुझ्याकडे येईल. लिहिते आहे माझी सून प्रियदर्शनी. (ती सरकारी कचेरीत आहे, माझं बोलणं सभ्य करून लिहील. म्हणून एकेक पान झालं की समोर बसून, तोंड दाखवून, मला सावकाश वाचून दाखवायचं असं ठरलं आहे.)

फोनवर का नाही सांगितलं म्हणशील. फोनवर तू बोललीस गं, दहा मिनिटं बोललीस म्हणे, पण मला तुझा शब्द कळला नाही. माझ्या कानांचं असं झालंय की जाडे आवाज येतात, बारीक गेले. सुखदेवराव बोलले की शब्दन् शब्द समजतो. पन्नास वर्षं त्यांचं बोलणं टाळत आले, आणि नेमकं तेवढंच शिल्लक राहिलं. तुझा आवाज लहानपणापासून सुतासारखा बारीक. फोनमध्ये वारा वाहिल्यासारखं काहीतरी येतं, आणि मी अंदाजाने हो हो म्हणते. परवा मी काय काय कबूल करून बसले ते कळव. तरी तू काळजी करू नकोस आणि लगेच इथे यायला निघू नकोस. घर दोन खोल्यांचं, आणि माझं छान चाललंय.

आता कान कसे गेले ते ऐक. मागच्या हिवाळ्यात मला हाच तुझा आजार झाला. गल्लीतल्या डॉक्टरांनी दहा इंजेक्शनं सांगितली, रोज जायचं, टोचून घ्यायचं, घरी यायचं. चौथ्या दिवशी कानात शिट्टी सुरू झाली. माझ्या कानात शिट्टी वाजेल असं मला का वाटावं? मला वाटलं, खालच्या मजल्यावरचे बापूराव पाण्याची मोटार सुरू ठेवून विसरले. मी खाली जाऊन त्यांना सुनावलं. ते म्हणाले, मोटार बंद आहे आजी. मी म्हटलं, बंद मोटार शिट्टी मारत नाही, ती माणसंच मारतात. दुसऱ्या दिवशी परत गेले, तिसऱ्या दिवशी सोसायटीत लेखी तक्रार केली. (लेखी म्हणजे मी बोलले, हिने लिहिली. हिचा दोष नाही.) शेवटी बापूरावांनी माझ्यासमोर मोटारीची वायर काढून हातात धरली. सगळी इमारत दिवसभर बादल्या घेऊन जिने चढली. शिट्टी चालूच. संध्याकाळी जिन्याखाली बोर्ड लागला, तो हिने मला वाचून दाखवला: मोटार बंद आहे. तरीही आवाज येत असल्यास ज्याने त्याने आपापले कान तपासून घ्यावेत.

द्वारके, पुण्यात माझ्याशी इतकं खरं कोणी बोललं नव्हतं. पण मला अपमान वाटला. कान तपासले तर बापूराव जिंकले असं होणार, म्हणून मी उरलेली इंजेक्शनं निमूट घेतली आणि शिट्टीबद्दल डॉक्टरांपुढे अवाक्षर काढलं नाही. पुढे चालताना तोल जायला लागला, भिंत धरून मोरीपर्यंत जायचे. एक दिवस कुकर झाला तरी शिट्टी कशी नाही म्हणून मी स्वयंपाकघरात उभी, आणि ही समोरून गॅस बंद करायला धावली. तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. त्याही वाजल्या नाहीत.

मग हिने मला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, काही औषधं जीव वाचवतात आणि जाताजाता कान नेतात. गेलेलं परत येत नाही, पण शिट्टी सुरू झाली, कान भरल्यासारखे झाले किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी सांगायचं असतं. माझे गुडघेदुखीच्या गोळ्यांचे आणि पायाची सूज उतरायच्या गोळीचे डॉक्टर वेगळे. कोणत्या गोळ्या घेता, असं इंजेक्शनवाल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी नाही म्हटलं. मला नावं वाचता येत नाहीत, मी गोळ्या रुमालाच्या गाठीत बांधते, एक गाठ सकाळची, दोन गाठी रात्रीच्या. डॉक्टरांपुढे रुमाल सोडायची लाज वाटली. त्यातली सुजेची गोळी आणि ते इंजेक्शन एकत्र आलं की कानाला दुप्पट भारी, हे आता कळलं.

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे. त्याच डॉक्टरांनी हेही विचारलं होतं की घरात कोणाचे कान औषधाने गेलेत का. तेव्हाही मी नाही म्हटलं. तुला आठवतं, माय चाळिशीत बहिरी झाली? आधी ती तीन महिने इंजेक्शनं घ्यायला जायची, क्षयाची. आणि बाबांनी आपल्या दोघींना कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं, घरात क्षय होता हे मेलात तरी बोलायचं नाही, नाहीतर तुमची लग्नं जमणार नाहीत. आपण बोललो नाही. माय हाक मारूनही वळायची नाही तेव्हा आपण तिच्या पाठीमागे उभ्या राहून हसायचो, पण बोललो नाही. द्वारके, माझं लग्न होऊन बावन्न वर्षं झाली, नवरा जाऊन अकरा, आणि मी वारज्याच्या दवाखान्यात बसून गप्प राहिले, लग्न मोडेल म्हणून.

कानाच्या डॉक्टरांपुढेही आधी नाहीच म्हटलं. परतताना रिक्षात तोंडातून निघालं. हिने रिक्षा तिथूनच वळवली. बाई म्हणाल्या, मायची क्षयाची इंजेक्शनं आणि तुमची एकाच जातीची असणार, आणि असा कमकुवतपणा काही घरांत आईकडून लेकरांना येतो, सगळ्या लेकरांना. असेलच असं नाही, पण असला तर कान जायला त्या जातीचं थोडं इंजेक्शनही पुरतं. मायने आपल्याला दोन-दोन बांगड्या सारख्या वाटून दिल्या, तसं हेही वाटलं असेल.

म्हणून मंगळवारी सुई टोचायच्या आधी डॉक्टरांना हे पत्र दाखव. माझ्या इंजेक्शनचं नाव हिने पाठीमागे मोठ्या अक्षरात लिहिलंय: अमिकासिन. मायचं सांग, माझं सांग, तुझ्या सगळ्या गोळ्या पुड्यांसकट टेबलावर ओत. दुसरं औषध चालत असेल तर ते देतील. हेच लागणार असेल तर आधी आणि मधूनमधून कान तपासा म्हण, मूत्रपिंडाचं रक्त तपासा म्हण, आणि तेवढे दिवस लग्नाच्या बँडपासून लांब राहा. पण घाबरून औषधच नको म्हणत पळून आलीस तर याद राख. ते डॉक्टरांनी ठरवायचं. आपण फक्त गप्प बसायचं नाही.

माझी काळजी नको. कानात मशीन घातलंय, जवळून बोललं की बरंच समजतं. सगळ्यांना आठवण सांग.

तुझी थोरली,
हिरा

ता. क. बापूराव आता रोज वर येऊन जाड आवाजात पेपर वाचून दाखवतात. जिंकलेला माणूस असा वागतो. मला आवडतं हे त्यांना कळवलेलं नाही.

ता. क. २. येऊ नकोस असं वर लिहिलंय ते मीच सांगितलं होतं, पण ते खरं नाही. बरी झालीस की ये. समोर बसलीस तर तुझा आवाज पोचेल, असं मशीनवाला म्हणाला. किती दिवस पोचेल ते तो बोलला नाही. मला अक्षर नाही, बाई, माझं सगळं वाचन कानांनी झालंय. तेही गेले तर तुझं पत्र माझ्यासाठी नुसता कागद. तू शाळेत जायचीस आणि मी घरी राहून चार वर्षं तुझी पाटी धुतली. येताना एक पाटी आण.

ता. क. ३. खाली वाकडं काही दिसतंय तो अंगठा नाही. हिच्याकडून शिकले, दोन दिवस लागले. तो तुझ्या नावाचा द आहे. चुकला असेल तर ये आणि पुसून टाक, आता पाटी धुवायची पाळी तुझी.