काजळराणीचा धूर

डोंबिवली पूर्व,
मंगळवार

प्रिय रतनदादा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. फोन केला असता, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं वहिनी स्वतःच ऐकून स्वतःच उत्तर देऊन टाकते. शिवाय मला जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही. तेव्हा चष्मा शोध, गॅलरीत खुर्ची टाक आणि सावकाश वाच. मी तेहतीस वर्षं मुलांचे निबंध तपासले, आता एक स्वतः लिहिते आहे. अक्षराचे गुण कापू नकोस.

प्राचीचा नवरा इंजीनवेडा आहे हे तुला ठाऊकच आहे. लग्नात त्याने तुला जेवणाच्या पंगतीतच गाठलं होतं. मामा, वाफेच्या इंजिनांबद्दल सांगा ना, म्हणून मागे लागला होता आणि तू श्रीखंडात बोट घालून त्याला सांगितलंस की मी विजेवरच्या गाड्यांचा माणूस, वाफेचं मला काय ठाऊक! मी शेजारीच बसले होते. एवढं धडधडीत खोटं तू का बोललास ते मला तेव्हा कळलं नाही. विनीतने मात्र विश्वास ठेवला. त्याच्या लेखी तू आजही फक्त 'कळव्याचे मामा', विजेच्या इंजिनावरून निवृत्त झालेले. तुझं पूर्ण नाव त्याला धड ठाऊक नाही. जावई माणूस, सासूच्या मानलेल्या भावाचं आडनाव कशाला विचारतोय?

तर या विनीतचं आणि त्याच्यासारख्या पंधरा-वीस जणांचं ठाण्यात एक मंडळ आहे. शिकलीसवरलेली, कमावती मुलं, पण इंजिनाचा विषय निघाला की गल्लीतल्या क्रिकेटसारखी भांडतात. मागच्या रविवारी नौपाड्यात एका हॉलमध्ये त्यांनी जुन्या फोटोंचं प्रदर्शन मांडलं होतं. मला इंजिनात काडीचा रस नाही, पण प्राची म्हणाली चल गं आई, घरी बसून तरी काय करणार, म्हणून गेले. दारातच माणसाच्या उंचीचा एक फोटो लावला होता आणि त्यापुढे मुलं देवळात उभी राहावीत तशी उभी होती. फोटोत तुझं ते जुनं वाफेचं इंजीन होतं, आपली आठशे बारा.

हो, तीच. ती भंगारात जाऊनही चाळीस वर्षं होऊन गेली, आणि ही मुलं तिला काजळराणी म्हणतात. कुणा हौशी माणसाने ती इंजिनांच्या शेडमध्ये शिरताना हा फोटो काढला होता. धुराड्यातून असा काळाभोर धूर उसळलाय की निम्मं आकाश दिसत नाही. एवढ्या एका फोटोवर तिचं नाव झालंय. काय तिची ताकद, काय तिचा रुबाब, तसं इंजीन पुन्हा झालं नाही, असं म्हणणारा एक गट. दुसऱ्या गटाचा पुढारी आपला विनीत. त्याचं म्हणणं, या राणीला उगाच डोक्यावर घेतलंय. नीट बघा, तिच्यामागे एकही डबा नाही. ओझं नसताना, घर समोर दिसत असताना एवढा धूर कशाला? काळा धूर म्हणजे ताकद नव्हे, काळा धूर म्हणजे वाया गेलेला कोळसा. मला त्याचं कौतुक वाटलं. घरात गॅसची शेगडी पेटवता येत नाही, पण डोकं तल्लख आहे.

मग त्याने पुरावा काढला. तुमच्या शेडमध्ये एक फोरमन होते, आता हयात नाहीत, त्यांची डायरी त्यांच्या नातवाने विनीतला दिलीय. विनीतने सगळ्यांपुढे ती वाचून दाखवली. आठशे बारा हे साधारण इंजीन आहे, वाफ बरी धरते, तक्रारीसारखं काही नाही. मात्र फायरमन रतन गायकर याच्या पाळीला कोळसा फार जातो. शेड जवळ आल्यावर हा विनाकारण फावडी मारतो. तीनदा ताकीद दिली, सुधारणा नाही, बढती थांबवावी. विनीत हसत म्हणाला, म्हणजे बघा, राणीबिणी काही नाही, एका निष्काळजी फायरमनचा हा प्रताप आहे. सगळा हॉल हसला. महिनाअखेरीस त्यांची पुस्तिका निघते आहे, त्यात तो फोटो, त्याखाली डायरीतला हा उतारा आणि तुझं नाव, सगळं छापून येणार आहे.

दादा, माझे कान तापले. हातातला बटाटेवडा तसाच ठेवला. वर्गात कुणी दुसऱ्याच्या पोराला चोर म्हटलं की मला जसा राग यायचा तसा आला. प्राचीला वाटलं आईचं बीपी वाढलं. पण तेव्हा माझ्याच डोक्यात सगळं नीट जुळत नव्हतं. रिक्षात बसल्यावर जुळायला लागलं, आणि घरी येईपर्यंत मी रुमाल भिजवला होता.

आमची ती विठ्ठलवाडीची वस्ती तुला आठवत असेल, तू इंजिनातून आमचं घर छपराच्या पत्र्यावरून ओळखायचास. बाबांची छाती गेल्यावर गिरणी सुटली आणि आई शेडच्या राखेच्या खड्ड्यावर जायला लागली. मी दहा वर्षांची. पाळी संपवून इंजीन आलं की त्याच्या पोटातली आग खाली खड्ड्यात पाडायची, वर पाणी मारायचं, आणि मग आम्ही बायका-पोरी पाट्या घेऊन उतरायचो. त्या राखेतून अर्धवट जळलेला कोळसा वेचायचा. थोडा घरच्या चुलीला, बाकीचा खानावळवाल्यांना. पायाला ओलं गोणपाट बांधायचो तरी चटके बसायचेच. बहुतेक इंजिनांखाली नुसती पांढरी राख मिळायची, तासभर चाळली तरी पाटीचा तळ झाकायचा नाही. पण सकाळी वस्तीवरून आई आकाशाकडे बघायची, आणि पुलापलीकडे काळा धूर उठला की मला हाक मारायची, "सुमे, आज रतनची पाळी हाय, दोन पाट्या घे गं." आणि त्या दिवशी दोन्ही पाट्या भरायच्या.

मी लहान होते, मला वाटायचं काही इंजिनं दयाळू असतात. खरंच सांगते. आठशे बाराला मी येता-जाता नमस्कार करायची.

मोठी झाल्यावर, बी.एड.ला असताना, मी तुला एकदा विचारलं होतं की तुझ्याच पाळीला एवढा कोळसा कसा राहायचा रे? तू तंबाखू मळत म्हणालास, "मी काय करनार, इंजीनच खादाड हाय." मी मान डोलावली. शिक्षिका व्हायला निघालेली मी, एवढं साधं गणित मला सुटलं नाही. इंजीन खादाड असतं तर सगळ्यांच्याच पाळीला खादाड असतं. चांगला फायरमन शेड जवळ आलं की फावडं खाली ठेवतो, आग जळून संपू देतो. तू नेमका तेव्हाच उचलायचास. जळायला वेळच मिळणार नाही असा कोळसा आत टाकायचास आणि धूर करून वस्तीला कळवायचास की मी येतोय. वर शेडभर इंजिनाचं नाव खराब करत फिरायचास, म्हणजे कुणी आमच्याकडे बघू नये. तुझ्या मागून नोकरीला लागलेली दोन पोरं तुझ्याआधी ड्रायव्हर झाली. तू फावडंच मारत राहिलास.

रविवारपासून मी एकटीच हसते आहे आणि एकटीच रडते आहे, पण हसण्याचा भाग जास्त आहे. या मुलांची सगळी भांडणं मला आता फार गोड वाटतात. एक गट म्हणतो राणी, शेडवाले म्हणायचे खादाड, आणि बिचारी आठशे बारा यातलं काहीच नव्हती. बरी होती. सांगितलं ते काम करणारी, चारचौघींसारखी. तिचं नाव झालं तेही तुझ्यामुळे आणि बदनाम झाली तीही तुझ्यामुळे. विनीत म्हणतो तिची कीर्ती खोटी आहे, आणि ते बरोबरच आहे. फक्त कारण त्याला चुकीचं सापडलंय.

आईला हे ठाऊक होतं, दादा. तेही मला आत्ता कळतंय. त्या वर्षीच्या भाऊबीजेला तिने मला न्हाऊमाखू घालून, ताटात दोन करंज्या देऊन शेडच्या फाटकाशी तुझ्याकडे पाठवलं होतं. मी कुरकुरले होते की हा काळाकुट्ट माणूस माझा कोण लागतो? आई एवढंच म्हणाली, "ववाळ म्हटलं ना, मुकाट ववाळ." तू हात पुसायला जागा शोधत होतास, शेवटी टोपीलाच पुसलेस. तेव्हापासून आजवर एक भाऊबीज चुकली नाही. आई जाईपर्यंत यातलं मला काही बोलली नाही, आणि तूही नाहीस. तुम्ही दोघं एकमेकांशी पाच वाक्यं तरी बोलला होतात का रे?

आता पत्र का लिहिलं ते सांगते. काल मी विनीतला घरी बोलावून सांगितलं की ती पुस्तिका शुक्रवारपर्यंत छापखान्यात द्यायची नाही. कारण सांगितलं नाही. सासूची आज्ञा म्हणून थांबलाय बिचारा. कारण सांगायचं तर रेल्वेचा कोळसा तू जाणूनबुजून वस्तीला दिलास हे उघड होणार, आणि ते उघड होऊ नये म्हणून तू निष्काळजी हे नाव पन्नास वर्षं अंगावर घेतलंस. ते नाव तुझं आहे, मी तुला न विचारता कसं पुसू? पेन्शन कुणी कापणार नाही, वहिनीला सांग. तू नको म्हणालास तर मी गप्प बसेन आणि ते जसं आहे तसं छापू देईन, शपथ. पण तू हो म्हण, दादा. त्या हॉलमध्ये त्या फोटोशेजारी उभं राहून मला एकदा, फक्त एकदा सांगायचं आहे की या धुराखाली आमची चूल पेटत होती, आणि ती पेटावी म्हणून आत एक माणूस मुद्दाम चुकत होता.

तुझीच,
सुमती