एक वीट उंच ओटा

मुलांच्या आईस, मनापासून आशीर्वाद.

मी खुशाल आहे. खोकलाही जवळजवळ गेला. तुझी पाठ कशी आहे?

आम्हा गवंड्यांसाठी इथे खोल्या बांधतोय. नकाशे काढणाऱ्या बाई या धंद्यातल्या इथल्या पहिल्याच. काल त्यांनी विचारलं, "मिस्त्री, तुमच्या घरच्या किती उंच?"

मी माझ्या डोक्याच्या वर हात धरला. सगळे हसले. "वहिनींशी मान वर करून बोलता की काय!"

बाई हसल्या नाहीत. "म्हणजे स्वयंपाक करताना त्यांची पाठ भरून येत असेल. तुमचा ओटा एक वीट उंच घ्या."

देवानेच अशी माणसं भेटवली.

लोक हसतील म्हणून तू येणार नाही म्हणतेस. पण लग्नापासून माझ्याशेजारी वाकून चालत आलीस, तेवढं पुरे झालं. धाकटीला घेऊन ये आणि ताठ उभी राहा.

तुझी वाट पाहणारा,
मुलांचा बाप