पेटीवर घातलेलं पाणी

बाबा, तुम्ही गेल्यापासून गल्लीत कुणी वारलं की शेवटची आंघोळ घालायला लोक मलाच बोलावतात. तुमच्यासोबत पहिल्यांदा गेलो तेव्हा मी भीतीनं अख्खा तांब्या उपडा केला होता. तुम्ही माझं मनगट धरून म्हणालात, ‘‘हळू टाक बे. लय गरम असलं तरी त्याले आता सांगता येत नाही.’’ तेव्हापासून मी हळूच पाणी घालतो. परवा मात्र काय करावं तेच सुचेना.

सीमेवर लढाई पेटली तसं सगळं गाव टीव्हीपुढं बसून होतं. मग आपल्या समोरच्या घरचा मुलगाच तिरंग्यात गुंडाळलेल्या पेटीतून आला. वरवट बकाल गावापासून पोरं मोटारसायकली घेऊन गाडीपुढं होती. दुकानं बंद, एकाही घरात चूल पेटलेली नाही, गच्चीवर माणसं, झाडांवर माणसं, घोषणांनी कान बधिर. आणि त्याची आई अंगणात तीन दगडांवर पाणी तापवत बसलेली. पेटी उघडणार नाहीत, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगणं माझ्यावर आलं.

ती म्हणाली, ‘‘भाऊ, तुमच्या बापानं माह्या सासऱ्याले आंघोळ घातली होती. मंग माह्या लेकराले काऊन नाही?’’

मी पेटीसोबत आलेल्या सुभेदारांकडे गेलो. त्यांनीच माझ्यापुढं हात जोडले. पेटी उघडण्यासारखी नाही, म्हणाले. एवढा मानसन्मान, एवढी गर्दी, पण आईला पोराच्या अंगाला हात लावू देणं कुणाच्याच हातात नव्हतं. रागवावं तरी कुणावर?

आपल्याकडं बायका स्मशानात येत नाहीत, पण ती बादली घेऊन आली तेव्हा कुणी अडवलं नाही. बंदुकांची सलामी झाली, झेंडा घडी करून तिच्या हातात दिला. मग सुभेदार हळूच म्हणाले, वरून पाणी घालू द्या. तिनं तांब्या भरला आणि मला विचारलं, ‘‘डोकं कोणीकडं हाय?’’ आधी डोक्यावर पाणी घालतात ना. मी सुभेदारांकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

हा कागद तुम्हाला कुठं पाठवू? घरात कुणाला वाचूनही दाखवता येत नाही. मी पेटीच्या एका टोकावर हात ठेवला आणि म्हणालो, ‘‘इकडं हाय, वहिनी.’’ तिनं तिथंच सगळी बादली रिकामी केली, मधूनमधून तळहातानं लाकूड चोळत. बाबा, डोकं कोणीकडं ते मला माहीत नव्हतं.