तालमीचा घोर

४ जानेवारी
कोल्हापूर आवडलं बुवा! जयसिंगपूर सोडून वर्ष झालं, तीन कामं सोडली, पण हे जमणार. शिवाजी पेठेतल्या तालमीत राखणदार. कुस्तीच्या हौद्यातली लाल माती खणायची, तालमीच्या फुटबॉल टीममधल्या पोरांचे बूट सांभाळायचे, खोली फुकट. वस्ताद बाळासो म्हणाले, पावणं, आणखी एक काम हाय, मॅचच्या आदल्या दिवशी पोरं कानात आपापला घोर सांगत्यात, तेवढा ऐकायचा आन् हुं म्हणायचं. हसूच आलं. समोरच्या टपरीवर चिमणाबाईंचा चहा, एकदम कडक.
अरे हो, माती खणताना खोरं पोटरीला लागलं. नखाएवढं खरचटलंय.

१० जानेवारी
काल पोरं येऊन गेली. एकेकानं कानाला तोंड लावलं. कुणाला पेनल्टी चुकायची भीती. गोलकीपर आदर्शला बापाची. हरलो तर घरात घेणार नाही म्हणे. मी हुं म्हणालो. त्याचा गुडघा सोलून निघाला होता, आज बघतो तर खपली धरलेली! माझं खरचटलेलं मात्र ओलंच. रुपयाएवढं झालंय.

१५ जानेवारी
शाहूपुरीतल्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. शुगर नाही, पू नाही. म्हणाल्या, जिवाला घोर असला की जखम लवकर भरत नाही, तुला कसला आहे? मला कसला असणार! आणि एकदम रडायलाच लागलो, बाप घरात घेणार नाही म्हणून.
माझा बाप मी चार वर्षांचा असतानाच गेला.

१८ जानेवारी
चिमणाबाईंना विचारलं, आधीचा राखणदार कुठं गेला. म्हणाल्या, गुंडू व्हय? पोरांच्या जखमा लवकर भरायच्या म्हणून तर घोर ऐकायला माणूस ठेवत्यात. तो हुं म्हणत ऱ्हायला आन् त्याची जखम पायापासनं उघडत उघडत गळ्यापतोर गेली की. तू मातुर हुं म्हणू नगंस.
मी तर म्हणून बसलोय.

२० जानेवारी
जखम गुडघ्यापर्यंत. भ्यालो की वाढते. बघता बघता वाढते — स्टँडकडे निघालो, पाय टेकेना — बाळासोंनीच उचलून आणलं. म्हणाले, उद्या फायनल, आज पळून कसं चालंल?

संध्याकाळ
कानात कापसाचे बोळे घातलेत. ऐकायचं नाही. हुं तर नाहीच. दाराबाहेर रांग —
आदर्श आला. बोळे बघून हसला. खाली बसला. माझ्या पायाची पट्टी सोडतोय —
जखमेला तोंड लावलं. ओठ हलतायत. मी दात आवळून गप्प —
आणि खालून, जखमेतून, हुं म्ह—