साडूला दाखवायचं म्हणून बदललेलं गॅस्केट

४ मार्च, मंगळवार
ठरलं. गाडी मीच दुरुस्त करणार.
महिनाभर इंजिनातून फुसफुस ऐकू येतेय, सिग्नलला गाडी थरथरते. गॅरेजवाला म्हणाला, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलंय. म्हणजे इंजिनात हवा नेणारे पाइप जिथे बसतात, तिथली पट्टी. त्याला आठवडाभर सवड नाही. जेवताना मी म्हणालो, मग घरीच बदलतो. समोर साडू. घास हातात तसाच धरून म्हणाला, "अहो, बोनेट कुठून उघडतं ते तरी माहीत आहे का?" सगळे हसले. बायकोसुद्धा. सासरे तर डोळे पुसेपर्यंत.
सोमवारी सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन. साडू नेणार होता. मी जाहीर केलं, माझ्या गाडीतून जातील. साडूने नुसते खांदे उडवले. ते खांदे मी विसरणार नाही.

५ मार्च, बुधवार
बोनेट उघडलं. खटका ड्रायव्हरच्या पायाशी असतो. सापडायला वीस मिनिटं लागली, पण अभ्यास झाला.
गॅस्केट आणलं. दुकानदाराने विचारलं, मेकॅनिक कोण? म्हणालो, मीच. तो म्हणाला, मग दोन घेऊन ठेवा. एकच घेतलं. साडूचं झालं की याच्याकडे बघतो.
काम दोन तासांचं. शनिवारी नऊला सुरू. अकराला साडूच्या दारात जाऊन हॉर्न.

८ मार्च, शनिवार, सकाळी ११
बॅटरी सोडली. नळ्या, वायरी काढल्या. नऊपैकी आठ बोल्ट निघाले.

दुपारी १.३०
नववा पार मागे आहे. दिसत नाही, नुसता बोटांना लागतो. तो तिथे बसवणारा साडूचाच कुणीतरी नातेवाईक असणार.

संध्याकाळी ५
निघाला. मनगट सोलवटलं. बायको म्हणाली, भाऊजींना विचारू का? म्हणालो, त्याला फोन केलास तर मी जेवणार नाही. ती म्हणाली, मग स्वयंपाक कमी करते.
मॅनिफोल्ड उचलला. खाली चार भोकं. आत काही पडू नये म्हणून जुन्या बनियनचे चार बोळे कोंबले. ही दूरदृष्टी साडूकडे नाही.

९ मार्च, रविवार
जुनं गॅस्केट बायकोच्या उलथन्याने खरवडलं. तिला अजून कळलेलं नाही.
नवीन बसवलं. बोल्ट मधून कडेकडे आवळत न्यायचे असतात. किती घट्ट, ते मोजणारा पाना माझ्याकडे नाही. प्रत्येक बोल्टला साडूची मानगूट डोळ्यांसमोर आणली. उत्तम आवळले गेले.
गाडी सुरू झाली. फुसफुस बंद. थरथर मात्र पूर्वीपेक्षा जास्त. नवीन पार्ट रुळायला वेळ घेतोच.
सासरे आजच राहायला आले. उद्या साडेसातला तयार राहा म्हटलं. त्यांनी विचारलं, दुसरी काही सोय आहे ना? हा अविश्वास साडूनेच पेरलाय.

१० मार्च, सोमवार
गाडी कोपऱ्यापर्यंत गेली. तिथे खोकली आणि बंद पडली.
मागे सासरे, मांडीवर फाइल, पोटात काही नाही. नऊचा नंबर. हुकला तर पुढची तारीख दोन महिन्यांनी. सासरे घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन बघत होते, आणि तरी त्यांना दिसत नव्हतं.
साडूला फोन मीच केला. म्हणालो, "जरा येता का?" तो म्हणाला, "आलोच." दहा मिनिटांत आला, घरातल्या चपलांवर. मी त्याच्या हसण्याची वाट बघत उभा होतो. हसला असता तर बरं झालं असतं. सासऱ्यांना हात धरून त्याने आपल्या गाडीत बसवलं आणि गेला.
माझी गाडी मी ढकलत घरी आणली.

११ मार्च, मंगळवार
ऑपरेशन वेळेवर झालं, नीट झालं.
काल संध्याकाळी साडू हत्यारांची पेटी घेऊन आला. पाऊण तासात मॅनिफोल्ड उतरवला. माझे बोल्ट एकदा निघालेले होते म्हणून एवढं लवकर. मग टॉर्च मारून चौथ्या भोकात पकड घातली आणि बनियनचा काळाकुट्ट बोळा ओढून काढला. मी तीनच काढले होते.
तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. साडूने बोळा मुकाट्याने खिशात घातला. तिने विचारलं, काय झालं होतं? तो म्हणाला, "काही नाही, एक वायर सैल होती. बाकी काम चोख केलंय यांनी."
तिने हे घरभर सांगितलं. आज सासऱ्यांनी डोळ्यावरच्या पट्टीसकट माझी पाठ थोपटली. साडू शेजारी बसून मान डोलवत होता.
बोळा त्याच्याकडेच आहे. मागणार कसा?
दुपारी त्याचा फोन आला. रविवारी त्याच्या गाडीचं ऑइल बदलायचंय, मदतीला येता का म्हणून.
म्हणालो, किती वाजता येऊ?